पोटातील जिवाणू आणि बद्धकोष्ठ : विरजण, चोथा आणि चूर्ण



दरवेळी या पानावर आपण बेणे, लागण, खोडवा, हुमणी आणि खतांच्या मात्रा यांविषयी बोलतो. या अंकात थोडा वेगळा विषय घेतला आहे. विषय पोटाचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने पोटावर का लिहावे, असे काहींना वाटेल. त्याचे कारण आमच्या गट ऑफिसातच घडले.

आडसाली लागणीच्या वेळी बेणे प्रक्रियेसाठी जिवाणू खतांचे वाटप चालू होते. ॲसेटोबॅक्टरची पाकिटे न्यायला एक वयस्कर सभासद आले होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. पाकीट हातात उलटेसुलटे करून ते म्हणाले, "साहेब, उसाला जिवाणू देता ते आमाला पटलं. पर आता माणसाच्या पोटात घ्यायचं जिवाणू बी इकायला आल्यात. नातवानं बाटली आणलीया. ते घ्यावं का न्हाई? माझं पोट बारा वर्सं झाली, चूर्णाबिगार हलत न्हाई."

मी विचारले, "चूर्ण किती घेता आबा?"

"आदी एक चमचा पुरायचा. आता तीन लागत्यात."

तिथे बसलेले आठ-दहा जण हसले. पण हसता हसता त्यांतल्या चौघांनी आपलेही तसेच आहे असे कबूल केले. एकाला तंबाखूचा बार भरल्याशिवाय होत नाही, एकाला दोन कप चहा लागतो, एकजण दर रविवारी एरंडेल घेतो. उसाच्या पानावर नुसता पिवळा ठिपका दिसला तर हीच मंडळी पान तोडून ऑफिसात घेऊन येतात. पोटाचे मात्र बारा वर्षे कोणाला बोललेली नाहीत.

मी डॉक्टर नव्हे, शेतकीची पदविका घेतलेला माणूस आहे. परंतु जिवाणू हा आमच्या कामाचा विषय आहे. म्हणून वैद्यकशास्त्रात मान्य झालेले तेवढेच, आपल्या कामातील उदाहरणे घेऊन, इथे मांडतो.

जिवाणू आपल्या ओळखीचेच आहेत

जिवाणू म्हटले की रोग, अशी आपली समजूत असते. पण १९८८ साली ब्राझीलमध्ये जोहाना डोबेरायनर यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने उसाच्या मुळांत व कांड्यांत राहणारा ॲसेटोबॅक्टर जातीचा जिवाणू दाखवून दिला. हा जिवाणू उसाच्या अंगातच राहतो, त्याची साखर खातो आणि हवेतला नत्र त्याला मिळवून देतो. आपण बेणे ३० मिनिटे ज्या द्रावणात बुडवतो, ते याच जिवाणूचे.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडून राहिला की त्याच्या रसात ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू वाढतो. तो साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतो, उतारा घटतो आणि कारखान्यात रस गाळणे, उकळणे अवघड होते. हाच ल्युकोनोस्टॉक इडलीच्या पिठात असतो आणि रात्रीत पीठ फुगवतो. म्हणजे जिवाणू चांगला की वाईट हे पुष्कळदा तो कुठे आहे आणि त्याला खायला काय मिळते यावर ठरते. पोटातही हाच न्याय आहे.

पोटातील वस्ती

आपले लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. जिवाणूंची खरी वस्ती मोठ्या आतड्यात आहे. जठरात आम्ल असते आणि लहान आतड्यात अन्न भराभर पुढे सरकते, त्यामुळे तिथे त्यांना फारशी जागा मिळत नाही. इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली नव्याने हिशेब करून सांगितले, की मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांचे सगळ्यांचे वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. त्याआधी पुस्तकांतून असे लिहीत, की अंगातील पेशींच्या दहापट जिवाणू असतात. ते बरोबर नव्हते. पेशी आणि जिवाणू जवळजवळ बरोबरीने आहेत. तरीही हा आकडा लहान नव्हे.

ही वस्ती जन्मापासून बसू लागते. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाच्या पोटात एका विशिष्ट जातीचे जिवाणू भरपूर असतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील हेन्री टिसिए यांनी १८९९ साली ते पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दोन फाटे फुटलेले दिसतात, म्हणून त्याला बायफिडस हे नाव मिळाले. आज औषधाच्या पाकिटांवर बायफिडोबॅक्टेरियम असे लिहिलेले असते ते त्याच कुळातले.

पोटाचा कारखाना कसा चालतो

आपल्या कारखान्यात ऊस मिलमध्ये चिरडला जातो. रस साखरेकडे जातो. जे चिपाड उरते ते आपण फेकत नाही. ते बॉयलरला जाते, त्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो. चिपाड नसेल तर रस असूनही कारखाना उभा राहील.

पोटाचेही असेच आहे. दात म्हणजे मिल. लहान आतडे अन्नातील रस, म्हणजे साखर, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ, उचलून घेते. उरतो तो चोथा. भाकरीतला कोंडा, भाजीचे धागे, कडधान्याची साल, फळांचा गर हा सगळा चोथा माणसाच्या पाचकरसाने पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे जिवाणूंचे खाद्य होतो. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक अशी तीन आम्ले तयार होतात. यातील ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य जळण आहे. म्हणजे चोथा हे त्या कारखान्याचे चिपाड आणि जिवाणू हा त्याचा बॉयलर.

गाई-बैलांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात नेमके हेच काम चालते. वाढे किंवा कडबा बैल स्वतः पचवीत नाही, त्याचे जिवाणू पचवतात आणि हीच तीन आम्ले त्याला देतात. बैलाची बहुतेक ताकद त्यातून येते. माणसाला या मार्गाने मिळणारी ताकद फार तर दहावा हिस्सा. पण आतडे धड राहायला तेवढी लागतेच.

आता मळाकडे येऊ. मळात पाणीच जास्त असते. पाणी वगळून जो घन भाग उरतो त्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा जिवाणूंचाच असतो. म्हणून चोथा खाल्ला की दोन गोष्टी घडतात. जो चोथा आंबत नाही तो पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ राहतो. जो आंबतो त्यावर जिवाणू वाढतात आणि मळाचा आकार वाढतो. आकार वाढला की आतड्याच्या भिंतीला ताण बसतो आणि ती मळ पुढे ढकलते.

आतड्यात मळ जास्त वेळ राहिला तर उलटे घडते. मोठे आतडे त्यातले पाणी शोषून घेत राहते. मळ कोरडा आणि खड्यासारखा होतो. तो ढकलायला जड जातो, म्हणून आणखी रेंगाळतो, आणि रेंगाळला की आणखी वाळतो. बद्धकोष्ठाचे हे चक्र आहे.

बद्धकोष्ठ कशाला म्हणावे

रोज सकाळी झालेच पाहिजे, नाहीतर आजार, असे नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा इथपर्यंत माणसामाणसात फरक असतो. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणे, मळ कडक असणे, फार कुंथावे लागणे, झाल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटणे, यांतले दोन-तीन प्रकार काही महिने चालू असतील तर त्याला बद्धकोष्ठ म्हणतात. एखादा दिवस चुकला म्हणून लगेच चूर्णाचा डबा उघडू नये. कित्येकांची चूर्णाची सवय इथेच लागते.

कारणे बहुधा अशी असतात :

१. आहारात चोथा कमी. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कोंड्यासकट गव्हाचे पीठ यांत १०० ग्रॅमला सुमारे १० ते ११ ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम. भाकरी सोडून चपाती धरली म्हणून बिघडले, असे सरसकट म्हणता येणार नाही. पीठ बारीक चाळून कोंडा म्हशीला घातला आणि सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर खारी-टोस्ट आले, तिथे बिघडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलेले प्रमाण मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाजीपाला व फळे असे आहे.

२. पाणी कमी. उन्हात काम करून घाम जातो आणि तेवढे पाणी पोटात जात नाही.

३. वेग दाबून ठेवणे. याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

४. बसून राहणे, आजारात अंथरुणाला खिळणे.

५. औषधे. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, रक्तदाबाच्या काही गोळ्या, काही वेदनाशामके. या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगितले तर ते बदलून देऊ शकतात.

६. थायरॉईडचे काम मंदावणे, मधुमेह असे अंगात दडलेले आजार.

तंबाखूविषयी एक शब्द. तंबाखूने आतड्याला चाळवणी मिळते हे खरे आहे. पण त्या चाळवणीपायी तोंडाचा कर्करोग विकत घेणे म्हणजे उंदीर घालवायला गंजी पेटवून देण्यासारखे आहे.

विकतचे जिवाणू : खरे किती, फुगवलेले किती

आता आबांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ.

जिवाणू पोटात घ्यावेत ही कल्पना शंभराहून अधिक वर्षांची आहे. इल्या मेचनिकोव्ह नावाचे रशियन शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. रोगप्रतिकारावरील कामासाठी १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मत असे, की मोठ्या आतड्यातील कुजण्यामुळे माणूस लवकर म्हातारा होतो, आणि बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात. त्या बल्गेरियन दह्यातला जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण डॉक्टरने १९०५ साली ओळखला होता. मेचनिकोव्ह स्वतः आंबट दूध घेत. ते १९१६ साली ७१ व्या वर्षी वारले. पुढे असे दिसून आले, की तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही. जपानमध्ये मिनोरू शिरोटा यांनी आतड्यापर्यंत जिवंत पोचणारा जिवाणू निवडला आणि १९३५ साली त्याचे आंबवलेले दूध याकुल्ट या नावाने विक्रीस आणले. आज प्रोबायोटिक म्हणून जे विकले जाते त्याची सुरुवात अशी झाली.

२००१ साली जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या ठरवली. जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने घेतले जावेत आणि त्यांचा तब्येतीला फायदा सिद्ध झालेला असावा. या तीन अटी ध्यानात ठेवाव्यात.

बद्धकोष्ठावर त्यांचा उपयोग किती? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१४ साली १४ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. आठवड्यातून शौचाला होण्याची संख्या सरासरी १.३ ने वाढली. हा फायदा बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस या जिवाणूत दिसला, सगळ्याच जिवाणूंत दिसला नाही. चाचण्याही एकसारख्या नव्हत्या. म्हणजे काही जातींचा थोडा उपयोग होतो, तोही सर्वांना होईल याची हमी नाही.

जात महत्त्वाची का, हे ऊस उत्पादकाला वेगळे सांगायला नको. को ८६०३२ हाही ऊस आणि फुले २६५ हाही ऊस. पण चोपण जमिनीत दोन्हींचे उत्पन्न सारखे येत नाही. तसेच पाकिटावर नुसते लॅक्टोबॅसिलस लिहिले आहे म्हणून ते बद्धकोष्ठावर चालेलच असे नाही.

विकतचे जिवाणू बहुधा आतड्यात मुक्काम करीत नाहीत. घेणे थांबवले की काही दिवसांत, काही आठवड्यांत ते निघून जातात. ते वाटसरू आहेत, रहिवासी नव्हेत. घ्यायचेच असतील तर जिवाणू खताच्या पाकिटाप्रमाणे तारीख पाहावी, थंड जागेत ठेवावे, एकाच जातीचे महिनाभर घेऊन पाहावे आणि फरक नसेल तर पैसे घालवू नयेत. कमी दिवसांचे बाळ, गंभीर आजारी माणूस, कर्करोगाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा रुग्ण यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच देऊ नयेत.

घरचे दही-ताक? अवश्य घ्यावे. विरजणात जिवंत जिवाणू असतात, दही पचायला सोपे असते आणि ताकाने पोटात पाणीही जाते. परंतु घरोघरच्या विरजणातील जिवाणू वेगवेगळे असतात, त्यांतले पुष्कळसे जठराच्या आम्लात मरतात, आणि कढी केली की उकळीने सगळेच मरतात. म्हणून दही हे अन्न म्हणून खावे, त्याला औषध समजू नये.

पाचटाचा धडा

जिवाणू खत वापरून पाहिलेले काही सभासद म्हणतात, "साहेब, पाकिटं टाकली, काय फरक पडला न्हाई." अशा रानात जाऊन पाहिले की बहुधा एकच गोष्ट दिसते. पाचट पेटवलेले, शेणखत कैक वर्षांत नाही, सेंद्रिय कर्ब तळाला गेलेला. त्या मातीत जिवाणू सोडले तर ते जगणार कशावर? उलट ज्यांनी पाचट ठेवून खोडवा राखला, त्यांच्या मातीत मूळचेच जिवाणू वाढतात.

पोटाला हाच धडा लागू आहे. बाटलीतून बाहेरचे जिवाणू आणण्याआधी घरच्या जिवाणूंना पाचट द्या. चोथा हे पोटाचे पाचट आहे.

वैद्यकशास्त्रातही या मार्गाची औषधे आहेत. दुधातील साखरेपासून केलेली लॅक्ट्युलोज ही साखर आतड्यात पचत नाही, ती खाली जिवाणूंपर्यंत पोचते. ते ती आंबवतात आणि आतड्यात पाणी ओढले जाते. ऑस्ट्रियातील पेतुएली या डॉक्टरने बाळांच्या बायफिडस जिवाणूंचा अभ्यास करताना तिचा उपयोग दाखवला आणि १९५९ पासून ती बद्धकोष्ठावर दिली जाऊ लागली. आजही डॉक्टर ती पातळ औषधाच्या रूपात देतात.

इसबगोल आपल्या शेजारच्या गुजरातेत पिकतो, उंझ्याच्या बाजारात त्याचा मोठा व्यापार आहे. त्याचा भुसा पाणी धरून फुगतो आणि मळ मऊ ठेवतो. एक-दोन चमचे भुसा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा आणि वर आणखी पेलाभर पाणी घ्यावे. कोरडा भुसा तोंडात टाकू नये, घशात अडकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी घेऊ नये.

एक सावधगिरी. नवीन चारा बैलाला एकदम घातला तर पोट फुगते, हे आपण जाणतो. माणसाचेही तसेच. चोथा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. एकदम वाढवला तर गॅस होतो, आणि मग माणूस चोथ्यालाच नावे ठेवतो.

चूर्णाविषयी

बाजारातील पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. सोनामुखीतील द्रव्य पोटात जाते तेव्हा स्वतः फारसे काम करीत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते फोडतात, त्यातून तयार होणारे द्रव्य आतड्याला चिमटे काढून हलवते. म्हणजे चूर्ण घेणाऱ्यालाही शेवटी जिवाणूंचीच मदत लागते. रात्री घेतले की सकाळी होते, त्याचे कारण हेच. द्रव्य तिथवर पोचायला तेवढे तास जातात.

चार-आठ दिवस गरजेपुरते घ्यायला सोनामुखी वाईट नाही. डॉक्टरही देतात. पण मात्रा दरवर्षी वाढत जाते आणि मूळ कारण कोणी शोधत नाही, तेव्हा ते चुकीचे आहे. पाण्याचा पाट तुंबला म्हणून दर पाळीला फक्त जास्त दाबाने पाणी सोडायचे आणि पाटात काय अडकले आहे ते पाहायचेच नाही, असा तो प्रकार होतो. जुनी सवय एकदम न तोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा उतरवावी.

हे मात्र लपवू नका

हा भाग लिहावा की नाही याचा मी बराच विचार केला.

माझे सख्खे मामा जुने सभासद होते. त्यांना शौचावाटे रक्त जाई. मूळव्याध असेल, असे त्यांनीच ठरवले. लाजेपोटी घरात बोलले नाहीत. दोन वर्षे बाजारातून पुड्या आणून घेतल्या. पँट ढिली होऊ लागली तेव्हा मामी म्हणाल्या, वयामुळे होत असेल. दवाखान्यात नेले तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत गेला होता. त्या दोन वर्षांत मी त्यांच्या रानात कितीतरी वेळा गेलो. प्रत्येक वेळी खोडव्याची चौकशी केली. तब्येतीची एकदाही केली नाही.

म्हणून पुढीलपैकी काहीही असेल तर चूर्ण, इसबगोल, बाटलीतले जिवाणू हे सगळे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे :

१. शौचावाटे रक्त, किंवा डांबरासारखा काळा मळ. लोहाच्या गोळीनेही मळ काळा होतो, पण ते डॉक्टरांनी ठरवावे.

२. कारण नसताना वजन घटणे, अशक्तपणा, रक्त कमी निघणे.

३. पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर शौचाची सवय नव्याने बदलणे. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब.

४. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे.

५. पोट फुगून दुखणे, उलट्या होणे आणि मळ व वारा दोन्ही बंद होणे. यात एक रात्रही थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. अशा वेळी एरंडेल किंवा चूर्ण देणे धोक्याचे आहे.

रक्त म्हणजे कर्करोगच असे नाही. बहुधा ती मूळव्याध किंवा भेगच निघते. पण ते तपासणाऱ्याने सांगावे. आतड्याचा कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.

फडावरील माता-भगिनींसाठी

वेग दाबून ठेवणे हे बद्धकोष्ठाचे मोठे कारण आहे असे वर म्हटले. मळ शेवटच्या भागात उतरला की आतडे खूण देते. ती खूण वारंवार नाकारली की ती मंदावते, आणि मळ तिथेच वाळतो.

आपल्या उसाची तोडणी करायला टोळ्या येतात. त्यांतील बायका पहाटे अंधारात फडावर येतात, दिवसभर मोळ्या बांधतात. आडोसा नसतो. ऊस उभा आहे तोवर थोडी आड असते, रान मोकळे झाले की तीही जाते. जावे लागू नये म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठ, मूळव्याध, लघवीची जळजळ हे सगळे मागे लागते, आणि आपला ऊस वेळेवर जातो.

कारखान्याने तळावर काय करावे हा संचालक मंडळापुढचा विषय आहे आणि तो तिथे मांडला पाहिजे. पण आपल्या रानात तोडणी चालू असताना चार बांबू आणि गोणपाटाचा आडोसा, एक पिंप पाणी आणि साबण एवढे प्रत्येक सभासद करू शकतो. विहिरीजवळ किंवा वस्तीवर आपला संडास असेल तर तो बायकांना वापरू द्यावा. याला हंगामात फार तर दोन दिवसांच्या चहाइतका खर्च येईल.

थोडक्यात काय करावे

१. दोन्ही जेवणांत भाकरी किंवा कोंड्यासकट पिठाची चपाती घ्यावी. कोंडा चाळून टाकू नये.

२. रोज एक पालेभाजी, एक वाटी मोडाची मटकी, मूग किंवा हरभरा, आणि पेरू, पपई, केळे असे हंगामी फळ.

३. कामाला जाताना पाण्याची कळशी बरोबर न्यावी. तहान लागण्याची वाट पाहू नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

४. सकाळी उठल्यावर किंवा न्याहारीनंतर आतडे आपणहून हलते. ती वेळ साधून रोज ठराविक वेळी बसावे. पाच-दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे, कुंथत बसू नये.

५. उकिडवे बसणे चांगले. गुडघ्यामुळे कमोड वापरावा लागत असेल तर पायाखाली लहान पाट घ्यावा.

६. प्रतिजैविक औषधे डॉक्टरांनी दिली तर पूर्ण घ्यावीत, पण आपल्या मनाने दुकानातून आणू नयेत. बुरशीनाशक आणि जिवाणू खत एका द्रावणात मिसळत नाहीत हे आपण जाणतो. प्रतिजैविकाने पोटातील चांगले जिवाणूही मरतात.

७. एवढे करून महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

आबांचे काय झाले, असे कोणी विचारील. नातवाने त्यांना दवाखान्यात नेले. तपासणीत काळजीचे काही निघाले नाही. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. आता घरात पीठ चाळत नाहीत. तीन चमचे चूर्णाचा एक चमचा झाला आहे, तोही रोज लागत नाही. परवा खोडव्याची नोंद द्यायला आले तेव्हा म्हणाले, "साहेब, बारा वर्सं उगंच गप बसलो."

आपणही गप्प बसू नये, एवढीच सर्व सभासदांना नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी